पराभवानंतरची खुर्ची

लंडनच्या नैर्ऋत्येला थेम्स नदीच्या दोन तीरांवर ट्विकनहॅम आणि रिचमंड पार्क हे दोन मतदारसंघ आहेत. नदी ओलांडली की मतदारसंघ बदलतो. मे २०१५च्या सार्वत्रिक निवडणुकीत ट्विकनहॅमच्या मतदारांनी व्हिन्स केबल यांना घरी बसवले. केबल हे लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे ज्येष्ठ नेते आणि आधीची पाच वर्षे संयुक्त सरकारात व्यापारमंत्री. त्याच वर्षी त्यांना नाइटहूड मिळाले आणि ते सर व्हिन्स झाले. नावाआधी ‘सर’ लागले तरी संसदेचे दार त्यांच्यासाठी बंदच होते. आत जायचे तर ट्विकनहॅममध्ये पुन्हा दारोदार फिरून मते मागणे भाग होते. त्यांनी ती मागितली, २०१७ मध्ये ते निवडून आले आणि पुढे पक्षाचे नेतेही झाले.

पलीकडच्या तीरावर डिसेंबर २०१९ मध्ये झॅक गोल्डस्मिथ हरले. ते हुजूर पक्षाचे आणि सरकारात राज्यमंत्री. याच मतदारांनी २०१६च्या पोटनिवडणुकीत त्यांना एकदा नाकारले होते, २०१७ मध्ये अवघ्या ४५ मतांनी परत घेतले होते, आणि आता सात हजारांहून अधिक मतांनी पुन्हा नाकारले. मतदान १२ डिसेंबरला झाले. त्यानंतर जेमतेम आठवडाभरात पंतप्रधान बोरिस जॉन्सन त्यांना तहहयात लॉर्ड करणार असल्याचे जाहीर झाले. त्यांचे मंत्रिपद टिकले आणि संसदेतली जागा जन्मभराची झाली. प्रत्येक नव्या लॉर्डच्या पदवीला एक स्थळनाम जोडतात. गोल्डस्मिथ यांच्या पदवीला जोडलेले स्थळनाम रिचमंड पार्क हेच आहे.

या दोन हकिकतींमधला फरक नीट कळावा म्हणून हे पुस्तक लिहिले आहे. ब्रिटनमध्ये निवडणूक झाली, संसद विसर्जित झाली किंवा पंतप्रधान पायउतार झाला की किताबांची यादी निघते. तिच्यात नाइटहूड असतात, स्त्रियांसाठी ‘डेम’ असते, लहानमोठी पदके असतात आणि लॉर्डपदेही असतात. वर्तमानपत्रे सारे एकाच मथळ्याखाली छापतात, आणि वाचणाऱ्याला वाटते की हे सगळे मानपानाचे प्रकरण आहे. तसे ते नाही. नाइटहूड म्हणजे उपकारांची पोच, ती ज्याला मिळाली त्याच्या हाती कसलीही सत्ता येत नाही. लॉर्डपद म्हणजे कायदे करणाऱ्या सभागृहातली आजन्म जागा. पहिल्याबद्दल फार तर नाराजी असू शकते. दुसऱ्याचा संबंध थेट मताच्या किमतीशी येतो. ब्रिटिश राजकारणाने ही दोन्ही एकाच यादीत, एकाच माणसाच्या मर्जीवर ठेवली, आणि या विषयातला बहुतेक सारा दोष तिथून सुरू होतो असे माझे मत आहे.

यंत्रणा थोडक्यात सांगतो. नववर्षाच्या दिवशी आणि राजाच्या वाढदिवसानिमित्त जूनमध्ये निघणाऱ्या नियमित याद्या आपल्या पद्म पुरस्कारांच्या यादीसारख्या असतात आणि समित्यांच्या हातून जातात. राजकारण्यांसाठी या यंत्रणेत २०१२ पासून एक वेगळी समितीही आहे. या पुस्तकाचा विषय आहे तो संसद विसर्जित होताना निघणाऱ्या यादीचा आणि मावळत्या पंतप्रधानाच्या निरोपाच्या यादीचा. दोन्हींवर नाव राजाचे असते आणि निवड पंतप्रधानाची. विसर्जनाच्या यादीत इतर पक्षांच्या नेत्यांनाही काही जागा सुचवता येतात, पण कोणाला किती द्यायच्या हे पंतप्रधानच ठरवतो. लॉर्डपदासाठी सुचवलेले नाव २००० साली स्थापन झालेल्या नियुक्ती आयोगाकडे जाते. त्या माणसाच्या चारित्र्यात आणि व्यवहारात काही गैर आहे का, एवढेच आयोग पाहतो. हा माणूस त्या सभागृहात बसण्याच्या योग्यतेचा आहे का, हे विचारण्याचा पक्षीय नावांच्या बाबतीत त्याला अधिकार नाही. त्याचा सल्ला बंधनकारकही नाही. डिसेंबर २०२० मध्ये जॉन्सन यांनी हुजूर पक्षाचे देणगीदार पीटर क्रडस यांच्या बाबतीत आयोगाचा प्रतिकूल सल्ला बाजूला सारला. असे करणारे ते पहिले पंतप्रधान. लॉर्डांना पगार नसतो, हजेरीच्या दिवसाचा तीनशे पौंडांहून अधिक भत्ता असतो. कॉमन्स या निवडून आलेल्या सभागृहाने संमत केलेले विधेयक ते साधारण वर्षभर रोखून धरू शकतात, आणि कलमागणिक दुरुस्त्या सुचवून बदलू शकतात. लॉर्ड झालेल्याला कॉमन्समध्ये बसता येत नाही, ‘सर’ झालेल्याला येते. म्हणून खासदारकी चालू ठेवणाऱ्याला नाइटहूड आणि ती सोडणाऱ्याला लॉर्डपद, अशी वाटणी आपोआप पडत गेली.

या साऱ्या इतिहासातली मला सर्वांत बोलकी वाटलेली घटना १९६४-६५ची आहे. तिच्याकडे इंग्रज लेखक बहुधा वंशद्वेषाच्या राजकारणातला एक अध्याय म्हणून पाहतात, आणि ती तशी आहेच. पण लॉर्डपदाचा वापर कशासाठी होतो आणि मतदार त्याला कसे उत्तर देऊ शकतात, हेही तिच्यातून जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कशातून होत नाही.

ऑक्टोबर १९६४ मध्ये हॅरॉल्ड विल्सन यांच्या मजूर पक्षाला तेरा वर्षांनंतर सत्ता मिळाली. बहुमत होते चार जागांचे. विजयाच्या त्याच रात्री बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथिक मतदारसंघात पक्षाचे परराष्ट्र धोरणाचे प्रवक्ते पॅट्रिक गॉर्डन वॉकर हरले. स्मेथिकच्या लोखंड ओतण्याच्या कारखान्यांत पंजाबातून आलेले कामगार मोठ्या संख्येने होते, आणि हुजूर पक्षाचे उमेदवार पीटर ग्रिफिथ्स यांचा प्रचार स्थलांतरितांविरुद्धच्या भावनेवर उभा होता. देशभर वारे मजूर पक्षाच्या बाजूने वाहत असताना इथे ते उलटे वाहिले. विल्सन यांनी तरीही गॉर्डन वॉकर यांना परराष्ट्रमंत्री केले. दोन्हींपैकी एकाही सभागृहाचे सदस्य नसलेला परराष्ट्रमंत्री फार दिवस चालणार नव्हता. हमखास निवडून येणारा एखादा मतदारसंघ मोकळा करून हवा होता.

तो लंडनच्या पूर्वेला सापडला. लेटनचे खासदार रेजिनाल्ड सोरेन्सन सत्तरी ओलांडलेले होते. १९२९ मध्ये ते प्रथम संसदेत गेले होते आणि १९३५ पासून सलग त्या भागाचे प्रतिनिधित्व करत होते. ते धर्मोपदेशक होते, शांततावादी होते, आणि भारताच्या स्वातंत्र्याचे इंग्लंडमधल्या सर्वांत निष्ठावान पाठीराख्यांपैकी एक होते. इंडिया लीगशी त्यांचा जवळचा संबंध होता, आणि जानेवारी १९४६ मध्ये भारतात आलेल्या ब्रिटिश संसदीय शिष्टमंडळात ते होते. त्यांना खासदारकी सोडायची नव्हती. पक्षाच्या आग्रहापुढे ते नमले आणि डिसेंबर १९६४ मध्ये लॉर्ड सोरेन्सन झाले. त्याच सुमारास नन्ईटनचे खासदार फ्रँक बोल्स यांनाही वर पाठवून कामगार पुढारी फ्रँक कझिन्स यांच्यासाठी जागा करण्यात आली.

दोन्ही पोटनिवडणुका २१ जानेवारी १९६५ला झाल्या. नन्ईटनमध्ये कझिन्स घटलेल्या मताधिक्याने निवडून आले. लेटनमध्ये सोरेन्सन यांचे मताधिक्य जवळजवळ आठ हजारांचे होते. गॉर्डन वॉकर तिथे २०५ मतांनी हरले. स्मेथिकमधल्या वांशिक प्रचाराचे पडसाद इथेही उमटले होते हे खरे. पण आपल्या म्हाताऱ्या, आवडत्या खासदाराला हलवून दुसऱ्याची सोय लावली, याचाही राग लेटनकरांना होता. परराष्ट्रमंत्र्यांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. १९६६च्या निवडणुकीत ते लेटनमधूनच पुन्हा उभे राहिले आणि तेव्हा मात्र निवडून आले.

या घटनेचे दोन धडे आहेत आणि ते एकमेकांना छेद देतात. लॉर्डपद हे पक्षाच्या सोयीचे हत्यार म्हणून वापरले गेले, एका सज्जन माणसाची इच्छा बाजूला सारून वापरले गेले, हा एक. पण ते हत्यार पराभूत मंत्र्याला थेट आत घेण्यासाठी वापरले नाही, हा दुसरा. विल्सन गॉर्डन वॉकर यांनाच लॉर्ड करू शकले असते. तहहयात लॉर्ड करण्याची सोय देणारा १९५८चा कायदा हाताशी होता आणि लॉर्ड असलेला परराष्ट्रमंत्री देशाने नुकताच पाहिला होता. त्यांनी आपल्या मंत्र्याला मतदारांपुढे पाठवले आणि मतदारांनी त्याला परत पाठवले. १९६५ मध्ये हरलेल्या मंत्र्याला मंत्रिपद सोडावे लागले आणि २०१९ मध्ये सोडावे लागले नाही. या पंचावन्न वर्षांत कायदा बदललेला नाही. बदलली ती लाज, आणि तिच्या बदलाचा माग काढणे हे या पुस्तकाचे मुख्य काम आहे.

मागे जायचे तर बरेच मागे जाता येते. १७१२ मध्ये अ‍ॅन राणीच्या मंत्र्यांनी युद्ध थांबवणाऱ्या तहासाठी बहुमत हवे म्हणून एकदम बारा नवे उमराव केले होते. पण आजच्या पद्धतीची मुळे १९१०-११ मध्ये आहेत. १९१०च्या दोन निवडणुकांनंतर पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ यांच्या उदारमतवादी सरकारला लॉर्ड्सचा नकाराधिकार मोडायचा होता. गरज पडली तर शेकडो नवे उमराव करू, असे वचन त्यांनी पंचम जॉर्ज राजाकडून घेऊन ठेवले होते. सुमारे अडीचशे नावांची एक यादी अ‍ॅस्क्विथ यांच्या कागदपत्रांत आहे. तिच्यात कादंबरीकार टॉमस हार्डी आहेत, नाटककार बॅरी आहेत, बर्ट्रांड रसेल आहेत. १० ऑगस्ट १९११ला लॉर्ड्सनी १३१ विरुद्ध ११४ मतांनी माघार घेतली आणि यादी कागदावरच राहिली. त्यानंतर चार महिन्यांच्या आत हाच राजा दिल्ली दरबारासाठी मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरला. गेटवे ऑफ इंडिया त्याच आगमनाचे स्मारक आहे. अ‍ॅस्क्विथ यांचे पाऊल मला आक्षेपार्ह वाटत नाही. निवडणुकीत मिळालेला कौल अमलात यावा म्हणून लॉर्डपदाची धमकी वापरली गेली. मतदारांचा कौल टाळण्यासाठी वापरली गेली नाही.

लॉइड जॉर्ज यांच्याबद्दल असे म्हणता येत नाही. उमरावांच्या विशेषाधिकारांवर तोफ डागून मोठा झालेला हा माणूस १९१८ची निवडणूक हुजूर पक्षाच्या साथीने जिंकला तेव्हा त्याच्याजवळ पक्षाची यंत्रणा उरली नव्हती. उदारमतवादी पक्ष दुभंगला होता, आणि पैसा नसलेल्या पंतप्रधानाकडे विकण्याजोगी एकच वस्तू होती. दलालांचे दर ठरलेले होते असे सांगतात: नाइटहूडला दहा हजार पौंड, वंशपरंपरेने चालणाऱ्या बॅरोनेट किताबाला तीस-चाळीस हजार, लॉर्डपदाला पन्नास हजार आणि पुढे. जून १९२२च्या यादीत दक्षिण आफ्रिकेतले खाणमालक जोसेफ रॉबिन्सन यांचे नाव आले. भागधारकांच्या फसवणुकीबद्दल तिथल्या न्यायालयाने त्यांना मोठा दंड केलेला होता आणि त्यांचे अपीलही फेटाळले गेले होते. संसदेत गदारोळ झाला आणि रॉबिन्सन यांना लॉर्डपद नाकारणे भाग पडले. चौकशी आयोग बसला, छाननी समिती आली, आणि १९२५ मध्ये किताबांची विक्री हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला. त्या कायद्याखाली आजवर शिक्षा झाली ती एकालाच, मॉन्डी ग्रेगरी या दलालाला, १९३३ मध्ये: दोन महिने कैद आणि पन्नास पौंड दंड. लॉइड जॉर्ज स्वतः मृत्यूच्या काही आठवडे आधी, १९४५ मध्ये, अर्ल झाले. २००६-०७ मध्ये पक्षाला कर्ज देणाऱ्यांना लॉर्डपदे दिल्याच्या आरोपावरून टोनी ब्लेअर यांच्याकडे पंतप्रधानपदावर असताना पोलिसांनी विचारपूस केली. शेवटी कोणावरही खटला झाला नाही. पैशाच्या या बाजूवर इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी तिच्यावर फार पाने खर्च केलेली नाहीत. पैसे न घेता, फक्त निष्ठेच्या बदल्यात दिलेले लॉर्डपद कोणत्याच कायद्याने गुन्हा नाही, आणि तेच जास्त घडते.

१९५८ पर्यंत लॉर्डपद बापाकडून मुलाकडे जात असे. त्यामुळे मजूर पक्षाच्या अनेकांना ते घेणे अवघड होते. १९२९ ते १९३१ या काळात, मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी, भारतमंत्री असलेले विल्यम वेजवुड बेन १९४२ मध्ये व्हायकाउंट स्टॅन्सगेट झाले. वारसा सांगणारा थोरला मुलगा महायुद्धात गेला आणि १९६० मध्ये वडिलांच्या मृत्यूनंतर पदवी धाकट्या टोनी बेन यांच्या गळ्यात पडली. ते तेव्हा ब्रिस्टलचे खासदार होते. त्यांची खासदारकी गेली. पोटनिवडणुकीत मतदारांनी त्यांनाच पुन्हा निवडले, तरी निवडणूक न्यायालयाने जागा हरलेल्या उमेदवाराला दिली. बेन लढत राहिले आणि १९६३ मध्ये वारशाने आलेले लॉर्डपद नाकारण्याची मुभा देणारा कायदा झाला. तहहयात लॉर्डपदांचा कायदा त्याआधी १९५८ मध्ये हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी आणला होता. त्यानुसार निघालेल्या पहिल्या चौदा नावांत चार स्त्रिया होत्या, आणि त्यांतल्या एक होत्या आयरिन कर्झन, व्हाइसरॉय कर्झन यांच्या कन्या. सभागृहात स्त्रिया आल्या, प्राध्यापक, डॉक्टर, कामगार पुढारी आले. ही सुधारणा खरीच मोठी होती. पण तिने एक अडसरही काढून टाकला. पदवी एका पिढीपुरती झाल्यामुळे ती देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही हलकी वाटू लागली, आणि पंतप्रधानांचा हात सैल झाला. १९९९ मध्ये ९२ सोडून बाकी सारे वंशपरंपरागत लॉर्ड बाहेर गेले, तेव्हापासून हे सभागृह मुख्यतः पंतप्रधानांच्या याद्यांतूनच भरत आले आहे.

ऑगस्ट २०१५ची यादी या दृष्टीने बारकाईने वाचण्यासारखी आहे. मे महिन्यात लिबरल डेमोक्रॅट पक्ष ५७ जागांवरून आठवर आला होता. ब्रिटनमधल्या मोठ्या पक्षाला मतदारांनी एवढी कठोर शिक्षा क्वचितच केली असेल. तीन महिन्यांनी जाहीर झालेल्या ४५ नव्या लॉर्डांपैकी ११ त्या पक्षाचे होते. ज्या पक्षाचे कॉमन्समध्ये आठ खासदार उरले, त्याचे लॉर्ड्समध्ये शंभरावर सदस्य झाले. याच पक्षाचे नेते निक क्लेग यांनी २०१२ मध्ये हे सभागृह बहुतांशी निवडून यावे असे विधेयक आणले होते, आणि सहकारी हुजूर पक्षातल्या बंडामुळे ते मागे घ्यावे लागले होते. त्याच यादीत हुजूर पक्षाचे डग्लस हॉग होते. खासदारांच्या खर्चाचे प्रकरण २००९ मध्ये उघडकीस आले तेव्हा त्यांच्या ग्रामीण घराभोवतीचा खंदक साफ करण्याचा खर्च देशभर चर्चेचा विषय झाला होता. आणि त्याच निवडणुकीत स्कॉटलंडच्या ५९ पैकी ५६ जागा जिंकणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीचे एकही नाव यादीत नव्हते. तो पक्ष तत्त्व म्हणून लॉर्ड्समध्ये कोणालाही पाठवत नाही. त्या पक्षाच्या इतर भूमिकांबद्दल कोणाचे काहीही मत असो, मिळणारी वस्तू नाकारण्याचा हा निर्धार मला आदरणीय वाटतो.

पक्ष हे का करतात, याचे उत्तर लोभ या एका शब्दात देणे अपुरे आहे. ज्येष्ठ खासदाराने सुरक्षित मतदारसंघ नव्या माणसासाठी सोडावा, बंड करू पाहणाऱ्याने मतदानाच्या वेळी गप्प बसावे, बंड केलेल्याशी पुढे समेट व्हावा, अशा कितीतरी गोष्टी पक्षनेत्याला घडवून आणायच्या असतात आणि त्यासाठी त्याच्या हाती फारसे काही नसते. ३ सप्टेंबर २०१९ला जॉन्सन यांनी ब्रेक्झिटवरून सरकारविरुद्ध मत देणाऱ्या २१ खासदारांना पक्षाच्या संसदीय गटातून काढले. त्यांत जवळजवळ पन्नास वर्षे खासदार असलेले केनेथ क्लार्क होते आणि काही आठवड्यांपूर्वीपर्यंत अर्थमंत्री असलेले फिलिप हॅमंड होते. ३१ जुलै २०२०च्या यादीत जॉन्सन यांनीच दोघांना लॉर्ड केले. निवडणुकीत आपल्या जुन्या पक्षाविरुद्ध मत द्या असे सांगणारे मजूर पक्षाचे माजी खासदार इयन ऑस्टिन आणि जॉन वुडकॉक यांनाही त्याच यादीत जागा मिळाली, आणि पंतप्रधानांचे सख्खे भाऊ जो जॉन्सन यांनाही. क्लार्क यांच्यासारख्या माणसाचा अनुभव कोणत्याही सभागृहाला हवाच असेल. पण तो सभागृहाला मिळावा की नाही हे एका माणसाच्या मनातल्या रागलोभावर अवलंबून असावे, ही व्यवस्था चांगल्या नावांनीही चांगली ठरत नाही.

दुसरी बाजू मी टाळलेली नाही, कारण ती भक्कम आहे. टेसा जॉवेल २०१५च्याच यादीतल्या. ऑलिंपिक लंडनमध्ये आणण्यात मोठा वाटा असलेल्या मजूर पक्षाच्या या माजी मंत्री खासदारकी सोडून लॉर्ड्समध्ये आल्या. २०१७ मध्ये त्यांना मेंदूचा कर्करोग झाला. जानेवारी २०१८ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, त्यांनी सभागृहात उभे राहून या रोगावरच्या उपचारांची आणि संशोधनाची उपेक्षा मांडली. एरवी टाळ्या न वाजवणारे ते सभागृह उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. आल्फ डब्स हे तर थेट मतदारांनी हरवलेले. १९८७ मध्ये बॅटरसीमध्ये ते पडले आणि १९९४ मध्ये लॉर्ड झाले. १९३९ मध्ये नाझींच्या तावडीतून प्रागहून आगगाडीने इंग्लंडला पाठवलेल्या मुलांपैकी ते एक. २०१६ मध्ये युरोपात एकट्या पडलेल्या निर्वासित मुलांना ब्रिटनने आसरा द्यावा अशी दुरुस्ती त्यांनी लॉर्ड्समध्ये आणली आणि सरकारला ती शेवटी मान्य करावी लागली. निवडून यायची चिंता नसलेला माणूस अलोकप्रिय पण न्याय्य गोष्ट लावून धरू शकतो, हे डब्स यांच्यामुळे नाकारता येत नाही. माझे म्हणणे इतकेच की डब्स यांच्या पराभवात आणि लॉर्डपदात सात वर्षांचे अंतर होते, आणि त्या काळात त्यांनी निर्वासितांच्या संस्थेचे काम केले होते. ते आत आले तेव्हा मतदारांचा निर्णय कोणी उलटवला असे म्हणता येत नव्हते.

मराठी वाचकाने यात का पडावे, असा प्रश्न येईल. ब्रिटिश किताबांशी आपले नाते जुने आहे. १८९५च्या निवडणुकीत दादाभाई नौरोजी लंडनमध्ये हरले आणि मुंबईचेच मंचरजी भावनगरी हुजूर पक्षातर्फे जिंकले. साम्राज्याच्या बाजूने बोलणारे भावनगरी दोन वर्षांत ‘सर’ झाले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि नारायण गणेश चंदावरकर यांनी नाइटहूड स्वीकारले आणि ते त्यांच्या विद्वत्तेला नि कामाला शोभले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१४ मध्ये देऊ केलेला ‘सर’कीचा किताब नाकारला. सत्येंद्रप्रसन्न सिन्हा १९१९ मध्ये पहिले भारतीय लॉर्ड झाले ते भारतविषयक विधेयक त्या सभागृहातून पार करता यावे म्हणून. हा सगळा अनुभव पाठीशी असल्यामुळेच आपल्या संविधानाने अनुच्छेद १८ मध्ये किताब रद्द केले. पण किताब रद्द केले तरी नियुक्त जागा आपण ठेवल्या. महाराष्ट्राच्या विधान परिषदेतल्या ७८ पैकी १२ जागा राज्यपालनियुक्त आहेत. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतल्या माणसांसाठी त्या आहेत असे संविधान म्हणते. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने पाठवलेली बारा नावे राजभवनात पडून राहिली तेव्हा त्या नावांवर आणि राज्यपालांच्या मौनावर किती वाद झाला, हे वाचकांना आठवत असेल. ‘राजकीय पुनर्वसन’ आणि ‘मागच्या दाराने’ हे शब्द आपल्या बातम्यांत रोज येतात. फरक एवढाच की आपला आमदार सहा वर्षांनी निवृत्त होतो. लंडनमधला लॉर्ड होत नाही. तिथे स्वेच्छेने निवृत्त होण्याची सोयदेखील २०१४च्या कायद्याने झाली.

पुस्तक लिहून होत असताना तिथे पुन्हा हालचाल सुरू झाली. लॉर्ड्सच्याच एका समितीने २०१७ मध्ये सदस्यसंख्या ६०० वर थांबवावी आणि नव्या सदस्याची मुदत पंधरा वर्षे असावी असे सुचवले होते. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी काही प्रमाणात हात आखडता घेतला, जॉन्सन यांनी घेतला नाही. २०२४ मध्ये मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यात उरलेल्या वंशपरंपरागत लॉर्डांना काढण्याचे आणि ऐंशीव्या वर्षी सक्तीच्या निवृत्तीचे वचन होते. ४ जुलै २०२४ला, मतदानाच्या दिवशीच, विसर्जनाची यादी जाहीर झाली. तिच्यात थेरेसा मे होत्या आणि आग्र्यात जन्मलेले, ग्लासगोच्या हवामान परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा होते. जंतुसंसर्गात दोन्ही हात आणि दोन्ही पाय गमावूनही काही महिन्यांत कॉमन्समध्ये परत आलेले क्रेग मॅकिन्ले होते. मजूर पक्षाने सुचवलेल्या माजी परराष्ट्रमंत्री मार्गारेट बेकेट तेव्हा ८१ वर्षांच्या होत्या. यांतल्या एकेका व्यक्तीबद्दल मला आदर आहे. तरीही ज्या वयाला निवृत्ती सक्तीची करायची त्या वयापुढच्या सदस्याला त्याच पक्षाने मतदानाच्या दिवशीच सुचवावे, यावरून या सवयीची पकड किती घट्ट आहे ते दिसते. सत्तेवर येताच नव्या सरकारने वंशपरंपरागत लॉर्डांविषयीचे विधेयक मांडले. एप्रिल २०२५ मध्ये माजी पंतप्रधान ऋषी सुनक यांची निरोपाची यादी आली. जेम्स अँडरसन यांना गोलंदाजीबद्दल नाइटहूड, जेरेमी हंट या माजी मंत्र्याला नाइटहूड आणि मायकेल गोव्ह या दुसऱ्या माजी मंत्र्याला लॉर्डपद, सारे एकाच मथळ्याखाली.

संख्या, मुदत, वय, वंश या चारही बाबतींत सूचना आहेत, आणि त्या अमलात याव्यात. पण त्यांतली एकही सूचना डिसेंबर २०१९ मध्ये जे घडले ते पुन्हा घडण्याला अटकाव करत नाही. सार्वत्रिक निवडणुकीत उभा राहून हरलेल्या उमेदवाराला त्या संसदेची मुदत संपेपर्यंत लॉर्ड करता येऊ नये, आणि नाइटहूडची यादी लॉर्डपदांच्या यादीपासून वेगळी करून वेगळ्या हातात द्यावी, अशी दोन कलमे मी शेवटच्या प्रकरणात मांडली आहेत. पहिल्या कलमावरचा मुख्य आक्षेप असा की एक तज्ज्ञ मंत्री हरला तर सरकार त्याच्या ज्ञानाला मुकते. त्याला उत्तर म्हणून मी सल्लागार नेमण्याची जुनी, बिनमताधिकाराची वाट दाखवली आहे. दुसऱ्यावर आक्षेप असा की वेगळी समितीही शेवटी पंतप्रधानांचेच ऐकेल. त्याला माझ्याजवळचे उत्तर अपुरे आहे, आणि त्या प्रकरणात मी ते अपुरेच ठेवले आहे.